कोळशावर वेल्ह्यापर्यंत

रविवार, ७ नोव्हेंबर १९४३. भोर. सकाळी ९

१. ७.१० ला गाडी कोळशाच्या गॅसवर सुरू झाली.
२. ७.१४ ला पोस्टापाशी थांबली.
३. ८.०५ पर्यंत तिथेच होती.
४. चौघांनी ढकलत घरी आणली. पाचवे उपेंद्र साने. ते ढकलत नव्हते, सूचना करत होते.
५. यंत्रात दोष नाही.

पेट्रोलची कुपनं इतकी तुटपुंजी मिळतात की वडिलांची, म्हणजे आप्पांची, गाडी ऑगस्टपासून छपराखाली उभी होती. तिच्या पाठीला मी स्वतः आखलेल्या नकाशाप्रमाणे गॅस प्लँट बसवला आहे. तेलाचं पिंप, त्यात पेटता कोळसा, गॅस गाळायला कापडी पिशवी, तिथून इंजिनापर्यंत नळी. सुरुवात थोड्या पेट्रोलवर, मग गॅसवर. बी. एस्सी. होऊन वर सहा महिने ड्रॉइंगचा सरकारी वर्ग केलेली दुसरी मुलगी भोरात नाही. हे अभिमानाने नव्हे, माहिती म्हणून लिहिते.

थांबण्याचं कारण: कोळशावरची राख. उपाय: कोळसा धुणे.

सोमवार, ८ नोव्हेंबर

कोळसा तीन पाण्यांनी धुतला. लतावहिनी पडवीतून बघत होत्या. म्हणाल्या, कोळसा उगाळतात हे ऐकून होते, धुतात हे आमच्या माहेरी नव्हतं.

धुताना एक महत्त्वाची गोष्ट सुचली. तापलेल्या कोळशावरून वाफ गेली की हायड्रोजन निघतो, आणि हायड्रोजन जळतो. म्हणजे ओला कोळसा कोरड्यापेक्षा वरच्या दर्जाचा. पुस्तकात तसं आहे. पाण्याचं प्रमाण ज्या पानावर होतं ते वाळवीने खाल्लं आहे, पण तत्त्व शाबूत आहे. पिंपाला पाण्याची एक बारीक तोटीही बसवली.

निश्चय: यापुढे कोळसा बारा तास भिजवायचा.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

गाडी सुरू झाली नाही. पांढरा धूर भरपूर आला. पांढरा म्हणजे वाफ. सिद्धान्त बरोबर.

गेनू कोळसा घेऊन आला होता. हा वेल्ह्यापलीकडच्या पासलीचा. तिथल्या रानात भट्ट्या लावतो आणि बैलगाडीने कोळसा भोरच्या बाजाराला आणतो. त्याने माझ्या घमेल्यातला एक तुकडा दुसऱ्यावर आपटला, कानाशी धरला आणि मान हलवली. म्हणाला, "ह्यो बोलत न्हाई, ताईसाहेब. वाळला कोळसा काशाच्या भांड्यावाणी वाजतो. ह्यो मुका हाय."

कोळसा कानाने तपासण्याची पद्धत कुठल्याही प्रयोगशाळेत नाही, हे त्याला शांतपणे समजावलं. त्यानेही शांतपणे ऐकलं, आणि जाताना वहिनींना विचारलं की ताईसाहेबांना बरं न्हाई का.

रविवार, १४ नोव्हेंबर

विंझरचे रखमाजी आले होते. आप्पांचे जुने पक्षकार. त्यांना विंझरला पिठाची गिरणी काढायची आहे आणि त्यासाठी इंजिन हवं आहे. बाजारात बैल बघावा तशी त्यांनी गाडी चारी बाजूंनी बघितली. बॉनेटवर थाप मारली. दात तेवढे बघितले नाहीत.

आप्पांनी निकाल दिला. रविवार २८ पर्यंत गाडी स्वतःच्या जोरावर वेल्ह्याला जाऊन परत आली तर माझी. नाहीतर इंजिन रखमाजींना.

मला त्याचं काही वाटलं नाही. ही गाडी मी तेराव्या वर्षी पहिल्यांदा खोलली आणि एकही नट न उरता परत जोडली. एवढीच नोंद.

बुधवार, १७ नोव्हेंबर

उपेंद्र सान्यांची छोटी गाडी आमच्यापासून तिसऱ्या घरात. त्यांनीही प्लँट जोडला आहे, अंदाजाने, नकाशाशिवाय. आज त्यांच्या अंगणात गोणपाटावर कोळसा वाळत पडला होता, कुरडया घालाव्यात तसा. शेजारी स्वतः काठी घेऊन बसले होते. कावळ्यांसाठी असावी.

मी त्यांच्याशी एका वेळी तीनच वाक्यं बोलते. पहिलं: गाळणीच्या पिशवीचा नकाशा हवा असेल तर घ्या. दुसरं: वाळलेलं अर्धं पोतं देऊ केलंत, आभारी आहे. तिसरं: प्रयोगात ऐनवेळी बदल करत नसतात. चौथं त्यांनीच म्हटलं, की वहिनी सांगत होत्या तुम्ही कोळशाला न्हाऊ घालता.

रविवार, २१ नोव्हेंबर

चाचणी. उतारावर ताशी वीस मैल. चढावर शून्य. सरासरी दहा. समाधानकारक.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

साने काल वेल्ह्याला जाऊन आले. पुरावा म्हणून तिथल्या कचेरीतल्या शिपायाची सही घेऊन आले आहेत. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. शिपायाचं अक्षरही वाईट आहे.

निश्चय: भिजवण्याचा वेळ बारा तासांवरून अठरा.

रविवार, २८ नोव्हेंबर. विंझर. संध्याकाळी ५.४०

सकाळी ६ ला निघालो. चालवायला मी, मागे आप्पा, बाहेरच्या पायरीवर गेनू. त्याला पासलीला परतायचं होतं. बैलगाडी भावाबरोबर पुढे पाठवून तो हौसेने आमच्यात आला, आणि येताना आपल्या कोळशाचं एक पोतंही घेऊन आला. पोत्याला मी हात लावला नाही.

नसरापूरपर्यंत गाडी उत्तम चालली. नसरापूरला पेट्रोल संपलं. पेट्रोलची तोटी भोरपासून उघडी राहिली होती, हे तेव्हा लक्षात आलं.

पुढे निव्वळ गॅसवर. आप्पा आंबवणे गावाच्या आधीच उतरले आणि पायी पुढे गेले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा चहा पिऊन झाला होता आणि दुकानदाराच्या वाटणीच्या दाव्यावर सल्लाही देऊन झाला होता.

विंझरात गाडी थांबली. रखमाजींच्या गिरणीच्या नव्या छपरापासून नव्वद पावलांवर. पावलं मी मोजली. वेल्हं अजून पुढे होतं.

रखमाजी बैल घेऊनच आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

गेनूने त्याच्या पोत्यातले दोन तुकडे माझ्या एका हातात दिले, माझ्या घमेल्यातले दोन दुसऱ्या हातात. "एकडाव वाजवून तर बगा, ताईसाहेब."

वाजवले. आधी त्याचे, मग माझे. फरक आहे. कारण आज लिहीत नाही.

रखमाजींनी आप्पांना विचारलं, "जुपू का?"

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "जुंपा."

नव्वद पावलं गाडी सुरळीत गेली.

रविवार, ५ डिसेंबर. भोर

मंगळवारी विंझरला जाऊन इंजिन मी स्वतः उतरवलं. दुसऱ्या कोणी उतरवलं असतं तर मोडलं असतं. प्लँटही सोबत दिला. गाडीचा रिकामा सांगाडा तिथेच आहे. रखमाजींची कोंबडी पुढच्या सीटवर बसते.

शुक्रवारी गिरणी सुरू झाली. गेनूचा निरोप: इंजिन सकाळपासून दुपारपर्यंत न थांबता चाललं. पाण्याची तोटी कशासाठी होती ते कोणाला कळेना, म्हणून तिच्यात चिंधी कोंबली आहे.

रखमाजींनी पहिल्या दळणाचं ज्वारीचं पीठ पाठवलं. वहिनींनी भाकऱ्या केल्या. पीठ एकसारखं बारीक आहे. इंजिनाचे फेरे स्थिर असल्याशिवाय असं पीठ पडत नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

निश्चय: नाही.

रविवार, १२ डिसेंबर. दुपारी ३

आमच्या अंगणात गोणपाट पसरलं आहे. साने येता-जाता बघतात आणि बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. रखमाजींना धाडलेल्या पत्राची नक्कल:

"रा. रा. रखमाजी यांस सा. न. वि. वि. इंजिन महिन्यातून एकदा उघडून साफ करावे लागते. ते काम मला येते. त्या दिवशी गिरणी बंद ठेवावी लागेल. कोळसा मी बरोबर आणीन. तो चार दिवस उन्हात वाळवलेला आणि प्रत्येक तुकडा वाजवून घेतलेला असेल. वाटल्यास गेनूने पुन्हा वाजवून पाहावा, माझी हरकत नाही. साफसफाई झाल्यावर इंजिन एकदा माझ्या हाताने सुरू करू द्यावे, एवढीच अट आहे. आपला होकार वा नकार गेनूबरोबर शनिवार दिनांक १८ पर्यंत कळवावा."