नमुन्यातली झरीन

३ मे

पोचले! मस्कत विमानतळावर झरीन घ्यायला आली होती, एका हातात माझ्या नावाचा पुठ्ठा आणि दुसऱ्या हातात गरम समोशांची पिशवी. ती दाभोळची, मी देवरुखची. गाडी पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत कोण कुणाचं सगळं विचारून झालं. आपा म्हणू का, असं विचारलं तर म्हणाली, चारच वर्षांनी मोठी आहे, नुसतं झरीन म्हण. लॅब गाला भागात आहे, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर पत्र्याची ठोकाठोक आणि वर आमची काचेची भांडी. फ्लॅट पाच मिनिटांवर, आम्हा दोघींत एक. खिडकीतून तपकिरी, बोडका डोंगर दिसतो. आईला फोटो पाठवला तर तिनं विचारलं, झाडं कुठे गेली?

५ मे

आमचे साहेब डॉ. यासिर इथलेच. पन्नाशीचे, हळू बोलणारे, पांढऱ्या दिशदाशावर, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यावर, लॅबचा कोट घालतात. त्यांना एकच प्रश्न पडलेला आहे. पृथ्वीवर जीव नव्हता, तेव्हा आनुवंशिकतेचा पहिला धागा कुणी विणला? त्यांचं म्हणणं, कुणीच नाही. तो आपला आपण जुळला.

चार प्रकारचे चपटे रेणू असतात, त्यांना आम्ही अक्षरं म्हणतो. पाण्यात ती सुटी फिरतात. पाणी आटलं की घावनांच्या चळतीसारखी एकावर एक बसतात आणि शेजारी शेजारी जोडली जातात. पुन्हा भिजवलं की काही सुटतात, काही टिकतात. आमचं यंत्र दिवसातून बारा वेळा हेच करतं. भिजव, सुकव. शहाण्णव खळग्यांची प्लेट आहे. आजवरची लांबात लांब साखळी अकरा अक्षरांची. झरीन म्हणाली, अकराव्या अक्षराला डॉ. यासिर मुलगा झाल्यासारखे नाचले होते.

८ मे

डोंगरातल्या झऱ्यावर गेलो, पाणी आणायला. खडकाच्या पोटात पाण्याची रासायनिक क्रिया होऊन ते वर येतं, साबणासारखं बुळबुळीत, निळंशार, त्यावर पांढरी साय. साय हाताला लागली की काचेसारखी मोडते. झरीनचा अंगठा त्या सायीनं कापला. तिनं ओढणीच्या टोकानं रक्त टिपलं आणि बाटल्या भरत राहिली. येताना टपरीवर करक, म्हणजे इथला दाट दुधाळ चहा प्यायलो. छान दिवस.

१५ मे

नव्या पाण्यावर साखळी चाळीस अक्षरांवर गेली! डॉ. यासिरनी सगळ्यांना हलवा वाटला, खालच्या गॅरेजवाल्यांनासुद्धा.

१८ मे

एक खळगा आम्ही कोरा ठेवतो. त्यात नुसतं शुद्ध पाणी, अक्षरं घालतच नाही. आज त्यातही साखळी निघाली. दोनशे बारा अक्षरांची. डॉ. यासिर रागावले नाहीत, पण म्हणाले, कुणाच्या तरी हातून गेलं असणार. मी नवीन, म्हणजे मीच. रडू आवरत प्लेट पुन्हा लावली.

२० मे

पुन्हा तेच. आता शहाण्णवही खळग्यांत एकच साखळी, अक्षर न् अक्षर तेच. आपोआप जुळलेल्या साखळ्या वेगवेगळ्या यायला हव्यात. ही स्वतःची नक्कल काढतेय. डॉ. यासिर खुर्चीवर बसून राहिले. आनंद झालाय की भीती वाटतेय, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

दोषी शोधायला दोघींच्या हातांचे नमुने घेतले. माझा स्वच्छ. झरीनच्या अंगठ्याचा नमुना यंत्रानं असा वाचला: मानवी ८८ टक्के, साखळी १२.

जखम बारा दिवसांची आहे. भरलेली नाही. कडेला चुन्यासारखं पांढरं आलंय. ती म्हणते, दुखत नाही गो.

२५ मे

दवाखान्यात बुरशी सांगून मलम दिलं. पांढरं आता मनगटापर्यंत. अभ्रकासारखे पापुद्रे निघतात, खाली रक्त नाही. खाली पुन्हा पापुद्रा.

आजचा नमुना: मानवी ६१.

मला उशिरा समजलं. या साखळीला अक्षरं लागतात. प्लेटमध्ये आम्ही घालत होतो. झरीनच्या अंगात ती आयतीच आहेत, पेशीपेशीत. ती झरीनचा धागा सोडवतेय आणि त्याच अक्षरांचा आपला धागा विणतेय. बाहेर घामानं भिजायचं, आत एसीत सुकायचं. दिवसातून किती वेळा, कोण जाणे.

झरीनला सांगितलं नाही. तिचं दोन तारखेचं तिकीट आहे. ईदला आई वाट बघतेय.

२९ मे

४०.

डॉ. यासिर म्हणाले, मी सांगतो तिला. खोलीत गेले आणि न सांगताच परत आले. तिनं त्यांना खजूर दिले म्हणे, आणि पांढऱ्या हातानं दिले म्हणून ते न खाता, नुसते मुठीत धरून बाहेर आले.

१ जून

मीच सांगितलं. आकड्यांसकट.

ती आधी हसली. मग म्हणाली, “विमानात शेजारी कुणाचं तरी पोर बसलं असतं ना, सावनी.”

तिकीट रद्द केलं. आईला फोन लावून सांगितलं, कागदपत्रांत घोळ झालाय, बकऱ्याचा वाटा शेजारच्यांना दे. आई रडायला लागली. ही इकडून समजूत घालत होती, अगदी रोजच्या आवाजात. फोन ठेवला आणि मला म्हणाली, जरा लांब उभी राहा.

मी राहिले. मला लाज वाटतेय, पण राहिले.

२ जून

भिजल्याशिवाय साखळी वाढत नाही. म्हणून झरीन आता लॅबच्या कोरड्या खोलीत, तिच्याच म्हणण्यावरून. हवा सुकी, थंड. नमुना ती स्वतः घेते आणि भिंतीतल्या कप्प्यातून बाहेर सरकवते.

२२.

आवाजात फरक नाही. मला विचारलं, जेवलीस का?

३ जून, सकाळ

काल संध्याकाळचा: ६.

डॉ. यासिरनी इस्पितळात सगळं खरं सांगितलं. एकच्या सुमारास पथक येणार. तोवर थेंबभर पाणी द्यायचं नाही, दार उघडायचं नाही. ते पथकाला घेऊन यायला हायवेवर गेलेत. मी एकटी. माझा नमुना आजही स्वच्छ.

दुपार, १२.२०

वीज गेली. खालची ठोकाठोक थांबली. एसी बंद. हवा दमट होतेय, काचेवर वाफ. आतून —

झरीनच्या खोलीत ओल धरतेय.

१२.३५

ती पाणी मागतेय. दार वाजवत नाही. नुसतं, “सावनी, घोटभर दे गो.” मी म्हटलं, थोडंच थांब, येताहेत. म्हणाली, बरं.

काचेला आतून हात टेकलाय. बोटांच्या मधे आता फटी नाहीत.

१२.४५

वाचनयंत्र बॅटरीवर आहे. सकाळचा नमुना आत्ता वाचून झाला.

मानवी ०.

पुन्हा वाचायला लावला.

०.

म्हणजे सकाळपासून माझ्याशी जे बोलतंय, ते —

१२.५२

डॉ. यासिर फोन उचलत नाहीत.

ती रडतेय. आईचं नाव घेऊन. तिच्यात झरीन उरलीच नाही, तर रडतंय कोण? आणि उरली असेल तर? यंत्र चुकत असेल, माणूस काय नुसती अक्षरं —

१२.५८

रडणं थांबलं.

हाक मारली. हात काचेवरच.

मग अगदी दाराशी, हळू, “सावनी, मला कळतंय. नको उघडू.”

हे झरीनच म्हणेल. हे फक्त झरीन —

बाटली घेतलीय. दार उघडायचं नाही, नुसता कप्पा. कप्पा हाताएवढाच आहे. बाटली आत सरकवायची आणि लगेच हात —