बार्लीची आंबील

२७ डिसें., शनि.
बादली भरली. इंग्लिश ब्राऊन एल बिअर, माल्ट भरपूर, कडवटपणाचे हॉप्स नावाला. वीस लिटर. घरभर खरपूस वास. बाहेर ३३, इथला डिसेंबरातला पावसाळा, टॉवेल वाळत नाहीत. यीस्टला मात्र १९ हवं. मागच्या खेपेला बादली गॅरेजमध्ये ठेवली तर बिअरला केळ्याचा वास आला. घरी बिअर करणाऱ्यांच्या ब्रू क्लबातला क्रेग म्हणाला, "मेट, ही स्मूदी आहे." डार्विनमधल्या आमच्या या घरात दिवसभर गार राहील अशी खोली एकच, आणि तिथे सध्या आई. पुण्याहून आलीय, तीन महिन्यांसाठी. बादली तिच्याच खोलीत ठेवली.

आईने विचारलं, बादलीत काय. तोंडातून निघून गेलं, "बार्लीची आंबील." मुग्धा ओट्याशीच होती. बायको असून काही बोलली नाही. वय ४३, हॉस्पिटलात लोकांचे एक्सरे काढतो, आणि आईसमोर ही गत.

२९ डिसें.
आई खूश. नाचणीला मोड कसे आणायचे, सत्त्व कसं काढायचं, सगळं सांगितलं. माल्ट तरी काय, मोड आणून वाळवलेलं धान्यच. म्हणजे मी अर्धंच खोटं बोललो, असं मुग्धाला म्हटलं. "मग राहिलेलं अर्धं सांगून टाक," म्हणाली.
बघू.

१ जाने.
शिफ्ट संपवून आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, घरी. खोलीतला एसी बंद. बादलीभोवती आईची गोधडी, वर शाल. कानटोपी तेवढी राहिली होती. तापमान ३०!! आईचं म्हणणं, आंबायला ऊब लागते, एवढ्या गारठ्यात बिचारी फुगणार कशी. इडलीचं पीठ फुगवायची तिची हीच रीत.
गोधडी काढली, एसी लावला. चहा पिऊन आलो तर गोधडी परत.

४ जाने.
हाच खेळ चार दिवस. हरलो. बादली बुडबुडतेय आणि आई तिच्याकडे कौतुकाने बघतेय.

११ जाने.
बाटल्या भरल्या. गाळ सोडून पन्नासेक. माल्ट छान उतरलंय, टॉफीसारखं. केळं आहेच. आईने चमचाभर चाखायला मागितली. म्हटलं, अजून मुरायचीय.

१८ जाने.
घोटाळा. शनिवारी आपल्याकडे हळदीकुंकू. आईने इथल्या मराठी मंडळाच्या शुभदाताईंना फोनवर सांगून टाकलं की तिळगुळाबरोबर 'माझ्या मुलाने केलेली आंबील' सगळ्यांना मिळेल. पंचवीस बायका! मुग्धा हसून हसून सोफ्यावर आडवी. मग उठून म्हणाली, "तूच सांगायचंस. मी मध्ये पडणार नाही."

२० जाने.
सांगायला गेलो. आईने हातात गरम थालीपीठ दिलं. खाऊन आलो.

२२ जाने.
सांगितलं. आई तीळ निवडत बसली होती. "आई, ती आंबील नाही. बिअर आहे."
तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "मग मी गोधडी घालत होते तेव्हा का नाही सांगितलंस?"
चिडेल, रडेल, मामाला फोन लावेल, या सगळ्याची तयारी होती. याची नव्हती. तिला वाटत होतं, आपण मुलाच्या कामात मदत करतोय. फार वाईट वाटलं. सॉरी म्हटलं. तीळ निवडणं चालूच.

२३ जाने., शुक्र.
अबोला. सकाळी डबा मात्र भरून ठेवलेला. भरली वांगी, माझी आवडती, त्यामुळे जास्तच लागलं.

आर्व्होला शुभदाताईंचा फोन. आईने घेतला. मी दाराआड. आता उद्याचं सगळं बारगळणार, आणि मंडळात माझं नाव काय होणार ते...
"हो हो, आंबील आहे ना," आई म्हणाली. "फक्त ज्या गाडी चालवत येणार, त्यांना नाही हं द्यायची."
तिकडून बहुतेक कारण विचारलं.
"पचायला जड असते. गुंगी येते."
फोन ठेवला. माझ्याकडे न बघता तिळाचा डबा घेऊन आत गेली.

मुग्धाने यादी काढली. एकेक नाव तपासलं. सगळ्या स्वतःच गाडी चालवत येणार, डार्विनमध्ये दुसरं काय करणार. गाडी न चालवणारी एकच निघाली. आई.

एक बाटली फ्रिजमध्ये ठेवलीय. बघू, मागते का.