हैबतीचं ताट

८ नोव्हेंबर ९८, रवि.
हैबती दरोडेखोराची ती जुनी मालिका दुपारी पुन्हा दाखवायला लागलेत. आज त्याला पकडतात तो भाग. आमच्याच गावात, शाहूवाडीकडं घडलेला. आईला हाका मारून बसवलं. म्हटलं, आता आपले पणजोबा दिसतील, त्याला कणगीत लपवताना.

दिसले. हैबतीला नव्या भाताच्या ताटावर बसवलं आणि त्यानं पहिला घास उचलला तेव्हा शिपायांना मागचं दार उघडून दिलं.

आई उठून गेली. मी शेवटच्या नावांपर्यंत बसले. असलं खोटं दाखवल्याबद्दल तक्रार कुणाकडं करायची ते बघायचं होतं. ‘माहिती साहाय्य’ खाली काकांचं नाव.

९ नोव्हें.
काकांना अजून विचारलं नाही. धीर होत नाही.

दम्यामुळं चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे काकाच. ऐकीव लिहायचं नाही, आधी खात्री करायची, हे त्यांनीच शिकवलं. आणि हैबतीला आपल्या घरानं आसरा दिला, हेही त्यांनीच. दरवर्षी नवा भात आला की पहिलं ताट त्याचं, मागच्या दारी, घरातल्या मुलीनं वाढायचं. मान म्हणून. त्याआधी कुणी जेवायचं नाही. लहानपणापासून मीच वाढते. आता शाळेत शिकवते, तिथल्या पोरांनाही अभिमानानं सांगितलंय. त्यांना आता काय...

संध्याकाळी. एक आठवलं. मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा आम्ही दर रविवारी बघायचो. एकाच रविवारी काकांनी सगळ्यांना आजऱ्याला आत्याकडं नेलं. काजूची बोंडं खाऊन घसा खवखवला. किती लाड केले त्या दिवशी काकांनी. म्हणजे तो रविवार ह्याच भागाचा...

११ नोव्हें.
समोरचा दिलीप गल्लीत सगळ्यांसमोर काकांना, “काय पावणं, तुमच्याकडं जेवाय यायचं म्हंजे मागच्या दाराकडं तोंड करून बसाय पायजे की!”

गल्ली हसली. काकाही हसले. ते हसणं बघून विचारलंच.

“व्हय. मीच सांगितलं त्या मालिकावाल्यास्नी.”
“मग मला का नाही?”
“त्यांनी इचारलं, खरं काय झालं. तू कवा इचारलंस?”

काकांना कसं विचारायचं? जगाचं तपासायचं ते त्यांच्या शब्दावर. त्यांचाच शब्द तपासायचा, हे मनातही आलं नाही कधी.

“आणि ताट?”
“मानाचं न्हाय. पापाचं हाय. पर ल्हान पोरीच्या हातात पाप कसं द्यायचं, म्हणून मान म्हटलं.”

दिलंच की पण. दरवर्षी.

१३ नोव्हें.
पणजोबांचा राग येत नाही, आश्चर्य आहे. त्यांना मी पाहिलेलं नाही. काकांनी परक्या माणसांना खरं सांगितलं आणि मला...

काका दोनदा दारात येऊन परत गेले. मी वह्या तपासत राहिले.

१५ नोव्हें., रवि.
गावाकडून नवा भात आला. आईनं शिजवला. स्वयंपाकघरात बसून लिहितेय. ताट समोर, रिकामं.

आई म्हणाली, “वाढ गं. त्या बिचाऱ्यानं काय केलंय तुझं?”
खरं आहे. पण मी कोण म्हणून वाढू? यजमानीण, की पकडून देणाऱ्याची पणती?

काकांना विचारलं, “तुम्हीच वाढा ना.”
ते पाटावर बसलेले. म्हणाले, “माझ्या हातानं त्यानं घेतलं असतं, तर तुला कशाला वाढाय शिकवलं असतं?”

भात निवत चाललाय. घरात अजून कुणी जेवलेलं नाही.