फक्त डावीकडची शिवण

आई, तुला झाली होती तशी गाठ मलाही झाली आहे. माझी वाटाण्याएवढी असतानाच सापडली. परवा ऑपरेशन आहे. घरात निजानीज झाली आहे आणि मला तुझ्याशी बोलायचंय.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये शेठच्या दुकानात तू ब्लाउज शिवायचीस, उरलेलं काम अंबरनाथला घरी आणायचीस. गिऱ्हाइकाचं अंग पुढे भरलं तर सोडता यावं म्हणून बगलेच्या शिवणीत थोडं कापड आत राखायचीस, त्याला तुम्ही मार्जिन म्हणायचात. एक रविवार मला अजून दिसतो. गॅसवर भात आहे आणि तू मशीनपाशी बसून स्वतःचाच निळा ब्लाउज उसवते आहेस, तोही फक्त डावीकडून. मी सुईत दोरा ओवून देते आणि विचारते, "एकच बाजू का गं?" तू मान वर न करता म्हणतेस, "डावी बाजू भरलीय जरा. मशीन मारून होतं तसं. दुखत नाय, खुपत नाय. तू भात बघ." दिवाळीपर्यंत तुझ्या सगळ्या ब्लाउजांचं डावीकडचं मार्जिन संपलं होतं. दुसऱ्या बाईचं अंग जरा इकडचं तिकडे झालं तरी तुला नुसत्या नजरेनं कळायचं, आणि स्वतःच्या अंगाला मात्र तू कापड सोडत राहिलीस. पुढे डॉक्टरांनी सुई घालून तपासायचं म्हटलं, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुई लागली की पसरतंय ते, नका जाऊ." तू गेली नाहीस. गेलीस तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

यंदा एका पौर्णिमेला बदलापूरच्या आमच्या विहारात वंदनेनंतर एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी कापडाची छाती टेबलावर ठेवली तेव्हा बायका पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसले. पाळी संपली की चार-पाच दिवसांनी बोटं सपाट ठेवून, बगलेपर्यंत सगळीकडे कसं चाचपायचं ते त्यांनी दाखवलं. कातडीला खळी पडली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, एक बाजू वेगळी दिसायला लागली, तर थांबायचं नाही. मागून कुणीतरी विचारलं, "पण मॅडम, दुखत नसेल तर?" त्या म्हणाल्या, "न दुखणारी गाठ आधी दाखवा." माझं हसू तिथंच विरलं. पाळी येऊन गेल्यावर मी घरी न्हाणीघरात चाचपून पाहिलं आणि बोट अडलं.

मग मॅमोग्राफी झाली, सुईची तपासणीही झाली, आणि कॅन्सर निघाला. सुईनं काही पसरत नाही, आई. ह्या रोगाचे प्रकार असतात हेसुद्धा मला आत्ता कळलं. काही गाठी बाईच्या अंगातल्या हार्मोनवर वाढतात, माझी तसलीच आहे, तिला गोळ्यांनी आवरता येतं. काहींवर वेगळी इंजेक्शनं चालतात, आणि काही ह्या दोन्हींना दाद देत नाहीत, त्यांना केमोच द्यावा लागतो. वय, वाढलेलं वजन, दारू, पाळी लवकर येणं, मूल उशिरा होणं किंवा न होणं, ह्या सगळ्यांनी धोका वाढतो म्हणे, आणि ह्यातलं काहीच नसलेल्या बाईलाही हा रोग होतो. डॉक्टरांनी विचारलं, "आईला कुठल्या प्रकारचा होता?" मी काय सांगणार? आपल्या घरात त्याला नुसतं 'ते' म्हणायचे. तुला तरुणपणीच झाला होता म्हटल्यावर त्यांनी माझी रक्ताची वेगळी तपासणी सांगितली. तुझ्याकडून माझ्यात आणि माझ्याकडून लेकीत काही उतरलंय का, ते त्यातून कळेल. लेकीला मी सगळं सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, टेन्शन मत ले, मी पण चेक करून घेते." इतकं सोपं होतं ते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, वेळेत आलात." त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला तुझा राग आला. एवढंच करायचं होतं गं, एवढंच, आणि तू माझ्या लग्नात असतीस. मी त्यांच्यासमोर हुंदके देऊन रडले. ते म्हणाले, घाबरू नका. मी मान हलवली आणि त्यांना तसंच समजू दिलं.