दादाला दाखवलेली मॅच

शनिवार, सेरंगून, सिंगापूर

आज ईराला घेऊन इनडोअर फुटबॉलची स्पर्धा बघायला गेले. क्लब मोठे, व्यावसायिक, पण एका बाजूला पाचच खेळाडू आणि मैदानाभोवती फळ्या. चेंडू बाहेर जातच नाही, फळीवर धाडकन आपटून परत खेळात येतो. तो आवाज झाला की दर वेळी दादा आठवत होता. का, ते आत्ताही सांगता येत नाही.

राहवेना. तिथूनच कोल्हापूरला दादाला व्हिडिओ कॉल लावला. एके काळचा आमच्या पेठेच्या संघाचा गोलकीपर तो. आता गुडघा गेलाय, तरी एक मॅच चुकवत नाही.

"बॉल भाईर जातच नाही? मग पोरांनी दम कवा खायचा?"

"मामा, इट्स इनडोअर लाह!" ईरा इथल्या ढंगात म्हणाली.

दादा हसला. मग एकदम, मी पलीकडच्या गल्लीतच राहत असल्यासारखा म्हणाला, "उद्या आपल्या पेठेची मॅच हाय. येतीस काय?"

कधी रजा नाही, कधी ईराची परीक्षा. किती वर्षं झाली जाऊन. फळीवर पुन्हा धाडकन आवाज झाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येतो की रे."

येतो! कोल्हापुरात आम्ही मुलीही असंच म्हणायचो; पुण्याला सासरी सगळे हसले, तेव्हापासून मी जपून 'येते' म्हणते. ईराने चमकून पाहिलं. "आई, येते ना?"

दादाला मात्र त्यात काही वेगळं वाटलंच नाही.

"ये मग. जागा धरून ठेवतो."

आणि धरेलही तो.