बांधावरची बिळं

सोमवार, अमावास्या

दोघी नाती हवामानबदल शिकतात, पण आमच्या बांधावरचं खेकड्याचं बीळ एकीलाही बुजवता येत न्हाय. चौथीतली धाकटी तापलेली पृथ्वी रंगवते. कॉलेजातली मोठी त्याच पृथ्वीचा तक्ता करून मार्क मिळवते. आज उधाणाच्या भरतीला खाडीचं खारं पाणी त्याच बिळांतून शेतात घुसलं. मी ओरडले, "चिखल आणा गं, टाचेनं दाबा!" तर मोठी म्हणते, "आजी, थांब ना, प्रोजेक्टला फोटो काढते."

उभं भात गेलं. आता दोन पावसाळे तिथं काय पिकायचं न्हाय. माझे गुडघे वाकत न्हाईत, बिळं उघडीच हायत. मी तरी पोरींना कधी चिखलात उतरवलं? शाळा शिकवेल म्हटलं.

उद्या मोठीच्या सरांना बांधावर बोलवायचं. पोरींना बीळ बुजवायला का न्हाय शिकवलं, याचं उत्तर त्यांनीच द्यायचं. मला कोणी विचारायचं न्हाय.