पाच मागांच्या पाच कांड्या

येवला, मंगळवार, कार्तिक १९३६

मडक्यातून उचलून आणलेली रेशमाची कांडी समोर ठेवून लिहितोय. आज लई आनंद झालाय!

आज विणकर मंडळीची सभा होती. पैठण्या व्यापाऱ्यालाच द्यायच्या की नाशिकला आपलं दुकान काढायचं? मत म्हणून प्रत्येकानं एक कांडी टाकायची, व्यापाऱ्याच्या नाहीतर दुकानाच्या मडक्यात. व्यापाऱ्याच्याच बाजूचा आमचा मालक उठला. "माझे पाच माग. मला पाच कांड्या पाहिजेत." मी तर मजूर, मला मत कुठलं? पण वीस वर्षं त्याच्या मागावर बसतोय, साधं तोंडही उघडता येऊ नये?

शेजारच्या मागावरचे रहीमचाचा मात्र उठले. "पाच मागांना पाच कांड्या, लय बरोबर बोलले शेठ. पण ज्याचे पाय मागाच्या खड्ड्यात हायेत, त्याच्या हातात द्या."

सभेनं हात वर करून चाचांचं म्हणणं मान्य केलं. शेठला त्याची एक मिळाली, मागांच्या पाच आम्हा पाच मजुरांना. आणि दुकान जिंकलं!

ही कांडी माझीच का? कोण जाणे. मोजून सगळ्या एकाच मडक्यात टाकल्यावर शेठची कुठली, माझी कुठली, कुणालाच ओळखता येईना.